दोन खुणांच्या मधले ऑइल

मी एक जुनी पट्टी आहे. हातभर लांब, करंगळीपेक्षा बारीक, आणि वरच्या टोकाला बोट अडकवायला एक पिवळी कडी. एका जुन्या छोट्या गाडीच्या इंजिनात, एका अरुंद नळीत मी राहते. इंजिनात ऑइल किती आहे ते सांगणे हे माझे काम. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला कधी पाहिलेही नसेल, कारण बॉनेट उघडले की माणसांची नजर आधी मोठ्या भागांवर जाते. त्याचे मला वाईट वाटत नाही. गरज पडली की मला शोधत सगळे येतात.

माझ्या खालच्या टोकाजवळ दोन खुणा आहेत. ऑइल या दोन खुणांच्या मध्ये असले की इंजिन सुखी. खालच्या खुणेखाली गेले की उपासमार आणि वरच्या खुणेवर चढले की अपचन. एवढेच माझे ज्ञान, पण ते पक्के आहे. मला खोटे बोलता येत नाही. मला चुकीचे वाचले मात्र जाऊ शकते, आणि माझी सगळी कहाणी त्या चुकीच्या वाचण्याचीच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात पोलादी पट्टीच्या भेंडोळ्यातून झाला. खुणा ठोकणाऱ्या यंत्राशेजारी एक बाई बसत. त्या प्रत्येक पट्टी साच्यात ठेवून बघत, आणि खूण केसभर जरी सरकलेली दिसली तरी पट्टी मोडीच्या टोपलीत टाकत. माझ्या पुढची टोपलीत गेली, माझ्या मागचीही गेली. मला त्यांनी साच्यात ठेवले, बाहेर काढले, पुन्हा ठेवले आणि मग पसंत केले. तेव्हापासून मी ताठ आहे. कोणी याला गर्व म्हणेल, पण पट्टी वाकली तर ती नळीत जाणार कशी?

गाडी नवी असताना ती घेतली आप्पांनी. आप्पा ड्रायव्हिंग मास्तर होते. गाडी शिकायला आलेल्या माणसाला वाटायचे की आता स्टीअरिंग हातात मिळणार. आप्पा त्याच्या हातात आधी जुन्या बनियनचे फडके द्यायचे. गाडी सपाट जागी उभी आहे ना, इंजिन थंड आहे ना, हे बघायला लावायचे आणि मग मला बाहेर काढायला सांगायचे. शिकाऊ माणूस मला काढून लगेच डोळ्यांसमोर धरायचा.

"आधी पूस, मग बघ," आप्पा म्हणायचे.

यात मोठे शास्त्र नाही. गाडी चालते तेव्हा ऑइल सगळीकडे उडते आणि माझ्या अंगभर त्याचे शिंतोडे बसतात. पहिल्यांदा बाहेर काढले की मी नुसती माखलेली दिसते. मला पुसायचे, पुन्हा पार आत घालायचे आणि पुन्हा काढायचे. त्या दुसऱ्या वेळी मी जे सांगते तेच खरे. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, असे म्हणतात ना, ते बहुधा मला न पुसता बघणाऱ्याच कोणाला तरी सुचले असावे.

माझ्या शेजारीच ऑइल घालायच्या तोंडावरचे काळे झाकण आहे. त्यावर कारखान्यातूनच उठावाचे आकडे आले आहेत: १० डब्ल्यू ४०. याचा अर्थ सोपा आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनासाठी. तो जितका लहान तितके ऑइल सकाळच्या गारठ्यात लवकर धावते. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनासाठी. तो जितका मोठा तितके ऑइल उष्णतेतही दाट राहते. आमच्या इंजिनाला थंडीत फार सुस्त नको आणि उन्हाळ्यात फार पातळ नको. आप्पा वर्षानुवर्षे तेच ऑइल वेळच्या वेळी बदलत राहिले, आणि त्या काळात इंजिनाने कधी साधी कुरकुर केली नाही. गल्लीतले लोक म्हणायचे की मास्तरांची गाडी शिवणयंत्रासारखी चालते. ते कौतुक गाडीचे असायचे, पण त्यातला थोडा वाटा मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घ्यायचे.

पुढे आप्पांचे डोळे अधू झाले. शिकवणे थांबले आणि गाडीची किल्ली सुनेच्या हातात आली. सूनबाई नर्स. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शने द्यायची, कुशी वळवून पाठ पुसायची, हे त्यांचे काम. ज्या गल्लीत मोठी गाडी शिरत नाही तिथे आमची गाडी अंग चोरून शिरायची. सकाळी किल्ली फिरवताना त्या म्हणायच्या, "चला बाई, आपल्याला उशीर झालाय." इतक्या वर्षांत मला 'बाई' म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. म्हणजे म्हणत असत गाडीला, पण मी मनावर घेतले.

आता या घराची एक रीत सांगितली पाहिजे. केलेले बोलून दाखवायचे नाही. ही आप्पांचीच शिकवण. कोणी माठ भरून ठेवला, कोणी कोणाच्या चपला दुरुस्त करून आणल्या, तरी त्याचा पुकारा करायचा नाही. रीत फार चांगली. पण चांगल्या रीतीनेही कधी कधी घात होतो, तो असा.

गाडीचे वय झाले तसे इंजिनाचे एक रबरी सील कडक पडले आणि गाडीखाली थेंब पडू लागले. फरशीवर रुपयाएवढा डाग. जुन्या गाडीत हे व्हायचेच. पण तो डाग घरातल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी पाहिला आणि तिघांच्याही मनात एकच धसका बसला. ही एकटी दूरदूर जाते, वाटेत ऑइल संपून इंजिन जाम झाले तर?

पहिले होते सूनबाईंचे यजमान. हे गणिताचे सर. माणूस काटेकोर, मला पुसल्याशिवाय कधी वाचले नाही. पण ते मला बघायचे बायको कामावरून परतल्या परतल्या. त्या वेळी बरेच ऑइल इंजिनाच्या वरच्या भागातच असते, खाली झिरपायला त्याला वेळ लागतो. थोडे थांबायचे सोडून सर घाईने मला काढायचे, ऑइल खालच्या खुणेशी दिसायचे आणि ते काळजीने थोडे ओतायचे. त्यांच्या बाटलीवर जुन्या गाडीचे छान चित्र होते.

दुसरा धाकटा दीर. त्याचे मोबाइलचे दुकान. जे नव्यात नवे तेच चांगले, हा त्याचा धर्म. आपल्या कोऱ्या गाडीत जे घालतात तेच पातळ, महागडे ऑइल तो वहिनीच्या गाडीत घालायचा. तो मला पुसायचाच नाही. माखलेल्या पट्टीवरून काही कळायचे नाही, तेव्हा "राहू दे, थोडं घालूनच टाकू" म्हणून मोकळा व्हायचा.

आणि तिसरे, सांगताना माझी कडी खाली होते, स्वतः आप्पा. त्यांच्या जुन्या ड्रायव्हर मित्रांनी त्यांच्या डोक्यात भरवले की म्हाताऱ्या इंजिनाला सगळ्यात दाट ऑइल लागते, मग गळती आपोआप थांबते. आप्पा मला पुसायचे, थांबायचे, सगळे रीतसर करायचे. पण ताजे ऑइल पारदर्शक असते, आणि धुरकट डोळ्यांना ते माझ्यावर दिसायचेच नाही. त्यांना वाटायचे पट्टी कोरडीच आहे. ज्या माणसाने मला वाचायला साऱ्या गावाला शिकवले, त्याने मला चुकीचे वाचले. मला फार वाईट वाटले, पण ओरडून सांगायला मला तोंड कुठे आहे?

सात सुगरणी आणि भाजी अळणी, तशी आमची गत झाली. ऑइल वरच्या खुणेवर चढले, आणखी चढले. इंजिनाचा फिरता दांडा त्यात बुडून ते घुसळू लागला, आणि ताकावर यावा तसा ऑइलवर फेस आला. फेसाने इंजिनाची तहान भागत नाही. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा मधूनच लुकलुकायला लागला. जास्तीचे ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडू लागले, काही सीलमधून गळाले, काही हवेच्या नळीतून जळायला गेले आणि मागून निळा धूर निघू लागला. डाग रुपयाएवढा होता, तो ताटाएवढा झाला. तो बघून तिघे आणखी घाबरले आणि मला न विचारताच आणखी ओतू लागले.

सरांनी शेवटी मेकॅनिकला फोन केला. आमची जागा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, त्यामुळे घरातले सगळे माझ्या कानावर येते. सर म्हणाले, "निळा धूर येतोय, आणि ऑइल सारखं कमी होतंय." मेकॅनिकने पलीकडून जे सांगितले ते सरांनी सूनबाईंना सांगितले. पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्या असणार, म्हणून ऑइल जळते. या वयाच्या गाडीचे इंजिन उघडण्यात अर्थ नाही.

मग एकेक गोष्ट पटापट ठरत गेली. जुन्या गाड्या भंगारात घेऊन मोडणारा माणूस पुढच्या आठवड्यात शनिवारी येऊन गाडी नेणार होता. दुसरी गाडी घेणे एवढ्यात शक्य नव्हते. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर एक जागा रिकामी होती, ती सूनबाईंना मिळत होती. खुर्ची, पंखा, ठरलेली वेळ. सगळे म्हणाले की बरेच झाले, तुझी दगदग वाचेल. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. गाडीपाशी येऊन त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"खिडकीत बसून मी काय करू गं?" त्या हळूच म्हणाल्या. "माझी माणसं खिडकीपर्यंत येऊ शकत नाहीत, म्हणून तर मी जाते."

मित्रांनो, मला त्या वेळी रडता आले असते तर मी रडले असते. सत्य माझ्या अंगावर होते आणि ते विचारणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही धूर सोडत एका आजींच्या घरी गेलो. आजींना कधी नव्हे ती चक्कर येत होती. सूनबाईंनी घरात तपासले, आणि मग दोन्ही लेकींना आजींच्या देखत नको म्हणून बाहेर गाडीपाशी आणले.

"रक्तदाबाची सकाळची गोळी आईंना कोण देतं?"

"मी," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि एकमेकींकडे बघत राहिल्या.

धाकटी लेक उजाडताच गोळी द्यायची आणि आपल्या कामाला जायची. थोरली मागून यायची आणि आईचे राहून जायला नको म्हणून पुन्हा द्यायची. दोघींची माया खरी, पण आजींच्या पोटात गोळ्या दोन. सूनबाईंनी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितले तसे केले, आणि मग समजावले, "यापुढे एकीनंच द्यायची. दुसरीनं आधी विचारायचं." दोघी मान खाली घालून आत गेल्या.

सूनबाई गाडीत बसल्या. किल्ली घातली, पण फिरवली नाही. लाल दिव्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई. तुझं पण हेच तर नाही ना?"

त्या दिवशी जेवताना खिडकीतून त्यांचा आवाज आला.

"गाडीत ऑइल कोण घालतं?"

रीत मोडायची कोणाचीच तयारी नव्हती. अखेर सर म्हणाले, "मी घालतो अधूनमधून. त्यात काय सांगायचं?"

"तू घालतोस?" धाकटा म्हणाला. "अरे दादा, मी घालतो की."

आप्पा खाकरले. "मीसुद्धा घालतो, सूनबाई."

"कुठलं घालता?"

तिघांनी तीन ऑइलची नावे सांगितली. एक पातळ, एक दाट आणि एक चित्रातल्या गाडीचे.

"म्हणजे ती ऑइल पीत नाहीये," सूनबाई म्हणाल्या. "आपण सगळे मिळून तिला पाजतोय."

सकाळी त्यांनी मेकॅनिकला घरी बोलावून घेतले. घरासमोरचा रस्ता उतरता आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या सपाट मैदानात नेली. इंजिन चालू केले नाही. ऑइल खाली बसू दिले. मग सूनबाईंनी पिवळ्या कडीत बोट घालून मला बाहेर काढले आणि हात मागे केला. आप्पांनी त्या हातात बनियनचे फडके ठेवले.

"आधी पूस," आप्पा म्हणाले.

"मग बघ," सूनबाई म्हणाल्या.

त्यांनी मला पुसले, पार आत घातले आणि पुन्हा काढले. कित्येक वर्षांनंतर कोणीतरी मला नीट विचारत होते आणि मी नीट उत्तर दिले. ऑइल वरच्या खुणेच्या तीन बोटे वर होते, अंगावर राखाडी फेस होता. सरांनी चष्मा काढून पुसला, घातला आणि पुन्हा बघितले.

मेकॅनिक हसला नाही. "फोनवर तुम्ही म्हणालात की कमी होतंय," तो म्हणाला. "मी रिंगा म्हणालो. चूक माझीपण आहे, येऊन बघायला हवं होतं." त्याने खालचा बोल्ट काढला. ते गढूळ मिश्रण बाहेर येत राहिले, थांबेचना. त्याने जुना फिल्टरही काढून टाकला.

आता नवे ऑइल कुठले घालायचे, यावर साहजिकच वाद झाला.

"माझं पातळ ऑइल वाईट आहे का?" धाकट्याने विचारले.

"उत्तम आहे. तुझ्या गाडीला. तिच्या आतल्या फटी बारीक, त्यांना ते पुरतं. इथे तापल्यावर ते फार पातळ होईल."

"मग दाटच बरं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुमचं दाट ऑइल सकाळी वर चढायला वेळ लावतं. तोवर वरचे भाग कोरडे घासतात. आणि सील कडक झालंय, त्याला दाट ऑइल काय करणार? मी सीलच बदलतो."

"आणि माझी बाटली?" सर म्हणाले. "तिच्यावर जुन्या गाड्यांसाठी असं लिहिलंय."

"चालेल ना. महागडं कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक चालेल, साधंही चालेल, फक्त साधं लवकर बदलावं लागेल. पण सर, चित्र बघू नका, आकडा बघा."

"कुठला आकडा?"

मेकॅनिकने सूनबाईंच्या हातातले फडके घेतले आणि माझ्या शेजारच्या झाकणावर चढलेला काळा थर घासला. खालून आकडे वर आले. १० डब्ल्यू ४०. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आप्पांनी बोट फिरवून ते उठावाचे आकडे चाचपले आणि मान हलवली. "मला माहीत होतं हे," ते म्हणाले. "गाडी म्हातारी झाली म्हणून मीच घाबरलो." सर्वांदेखत असे म्हणायला मोठे मन लागते, आणि ते आप्पांकडे आहे.

सरांच्या बाटलीवरचा आकडा काही जुळला नाही. धाकट्याने जाऊन जुळणारा डबा आणला. मेकॅनिकने सील बदलले, नवा फिल्टर बसवला आणि ऑइल थोडे थोडे ओतले. ओतायचे, थांबायचे, मला विचारायचे. वरच्या खुणेच्या किंचित खाली आल्यावर मी थांबवले. मग सूनबाईंनी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला आणि विझला. मागून धूर मात्र आलाच.

"आधीचं साचलेलं जळू दे," मेकॅनिक म्हणाला. "रिंगा चांगल्या आहेत की नाहीत, ते आज मी छातीठोक सांगणार नाही. आठवडाभर चालवा आणि रोज सकाळी हिला विचारा. ही सांगेल ते खरं." त्याने बोट माझ्याकडे केले.

आठवडाभर सगळ्या घराचा जीव माझ्या दोन खुणांमध्ये अडकला होता. माझा नव्हता, कारण मला आतली गोष्ट माहीत होती. इंजिन थकलेले होते, पण खचलेले नव्हते. सूनबाई रोज सकाळी मला काढत, पुसत, पुन्हा काढत. ऑइल जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी धूर विरळ झाला, पुढे तो दिसेनासा झाला. खालची फरशी कोरडी राहिली. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला उजेडात धरले, आत ठेवले आणि तिथेच उभ्या राहून दवाखान्यात फोन केला.

"खिडकीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा," त्या म्हणाल्या. "मला बाहेर काम आहे."

आता घरात नियम असा झाला आहे की ऑइल एकाच हाताने पडायचे, सूनबाईंच्या. बाकीच्यांनी काळजी जरूर करावी, पण आधी तोंडाने बोलून करावी. आप्पांनी आपली शिकवण थोडी दुरुस्त केली आहे. केलेले बोलून दाखवू नये, पण करण्याआधी विचारावे, असे ते आता म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर तिच्या वयाला घाबरून भलतेसलते पाजू नका. तिच्या आकड्याचे ऑइल द्या, वेळेवर बदला आणि माझ्यासारख्या पट्टीला महिन्यातून एखादी सकाळ द्या. सपाट जागा, थंड इंजिन आणि एक जुने फडके, एवढेच आम्हाला लागते. आणि गाडी नसली तरी घर आहेच. प्रेमाने घातलेलेही जास्त होऊ शकते, तेव्हा घालण्याआधी एकदा विचारा.

त्या शनिवारी गाड्या मोडणारा माणूस ठरल्याप्रमाणे आला होता म्हणे. त्याला नको म्हणून कळवायचे गडबडीत राहूनच गेले होते. खिडकीखालची जागा रिकामी बघून त्याने दार वाजवले. आम्ही तेव्हा त्या आजींच्या गल्लीत होतो, पण पुढचे मला पाठ आहे, कारण आप्पा ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

"गाडी कुठेय?" त्याने विचारले.

"कामावर गेलीय," आप्पा म्हणाले.